काचबिंदूचे थेंब : एका तक्रारीचा इतिहास

काचबिंदूवर डोळ्यांत थेंब घालण्याची रीत सुमारे दीडशे वर्षांची आहे. पश्चिम आफ्रिकेतील कालाबार येथे आरोपीचा गुन्हा ठरविण्यासाठी त्याला एक विषारी बी खावयास देत. त्या बीचा अर्क एडिंबरोच्या आर्गिल रॉबर्टसन यांनी स्वतःच्या डोळ्यात घालून पाहिला आणि त्याने बाहुली बारीक होते, हे १८६३ साली प्रसिद्ध केले. पुढे १८७६ मध्ये स्ट्रासबुर्गचे प्राध्यापक लुडविग लाक्वेर यांनी त्याच बीचे सत्त्व काचबिंदूवर वापरले. लाक्वेर स्वतः काचबिंदूचे रोगी होते. ज्याचा डोळा जातो आहे त्यानेच औषध हुडकावे, हा योग पुढे क्वचितच आला. हे सत्त्व डोळ्याला झोंबे. म्हणून त्याच दशकात आलेले पायलोकार्पिन अधिक चालले. थेंब झोंबतो ही तक्रार अशी थेंबाइतकीच जुनी आहे.

काचबिंदू बहुधा दुखत नाही. डोळ्यातील दाबाने आतली मज्जा झिजत जाते आणि गेलेली नजर परत येत नाही. म्हणजे न दुखणाऱ्या रोगासाठी माणसाने जन्मभर रोज थेंब घालावयाचे, आणि चुरचुर होते ती मात्र थेंबाने! अशा वेळी कित्येकजण बाटली कोनाड्यात ठेवून देतात. नजर जाते ती त्यानंतर, गुपचूप.

ही चुरचुर पुष्कळदा औषधाची नसून बाटलीची असते. गेरहार्ड डोमाक या जर्मन शास्त्रज्ञाने १९३५ साली बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे जंतुनाशक पुढे आणले. शस्त्रक्रियेपूर्वी हात निर्जंतुक करण्यास ते उपयोगी पडले. एकच बाटली महिनाभर उघडझाप करावयाची तर आत जंतू शिरणार, आणि जंतू शिरलेल्या थेंबाने डोळा जाऊ शकतो. म्हणून हेच द्रव्य थेंबांतही घालू लागले. ही भीती खोटी नव्हती, हे आम्ही मुद्दाम सांगतो.

पण या द्रव्याची जात साबणाची. आपल्या डोळ्यावर आसवांचा पातळ थर असतो व त्यावर तेलाचा तवंग, त्यामुळे पाणी लवकर उडून जात नाही. साबण ताटाचे तेल काढतो तसे हे द्रव्य तो तवंग मोडते. शिवाय आसवांना बुळबुळीतपणा देणाऱ्या पेशी त्याने मरतात आणि बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची साल दुखावते. एका थेंबाने काही बिघडत नाही. परंतु दोन-तीन बाटल्यांचे थेंब रोज आणि तेही वीस वर्षे, हा हिशेब निराळा आहे.

१९७८ साली अमेरिकेत टिमोलॉल आले, तेव्हा डॉक्टर सावध होते. त्याच कुळातील प्रॅक्टोलॉलच्या गोळ्यांनी इंग्लंडात रोग्यांचे डोळे कोरडे पडून गेले होते व १९७५ साली त्या गोळ्या बंद झाल्या होत्या. टिमोलॉलने तसा अनर्थ केला नाही. १९९६ मध्ये लॅटानोप्रॉस्ट आले. दिवसाला एकच थेंब, ही केवढी सोय! पण त्याच्या मूळ बाटलीत ते जंतुनाशक दहा हजारांत दोन भाग होते, टिमोलॉलच्या दुप्पट.

तक्रार वहीत उतरली ती फार उशिरा. कारखान्यात उत्पादनाचा आकडा ठीक असला की खात्यातील धुळीबद्दल कोणी विचारीत नाही, हे आम्ही उभ्या हयातीत पाहिले. दवाखान्यातही दाबाचा आकडा उतरला की काम झाले, असे समजले जाई. फ्रान्समधील डॉक्टरांनी चार हजारांवर रोग्यांची पाहणी २००२ साली प्रसिद्ध केली. जंतुनाशक असलेले थेंब घालताना शंभरातील ४३ जणांना त्रास होई; ते नसलेले थेंब घालणाऱ्यांत १७ जणांना. थेंब बदलल्यावर त्रास कमी झाला. त्याआधीच, १९९४ साली, इंग्लंडमध्ये आणखी एक गोष्ट दिसली होती: वर्षानुवर्षे अनेक थेंब घातलेल्या डोळ्यांवर पुढे काचबिंदूची शस्त्रक्रिया केली, तर ती कमी वेळा यशस्वी होते. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरची त्वचा सुजून राहिल्याने जखमेचा व्रण धरतो आणि पाण्याला करून दिलेली वाट बुजते.

आता जंतुनाशकाविना थेंब मिळतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश प्रयोगात आधी लेसरचा उपचार घेतलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोकांना तीन वर्षांनंतरही थेंब लागले नव्हते. म्हणून डोळे चुरचुरत असतील तर बाटली परस्पर बंद न करता ते डॉक्टरांच्या कानावर घालावे, आणि दुसरा थेंब आहे काय, लेसर चालेल काय, असे स्पष्ट विचारावे. जंतुनाशकाविना थेंब बहुधा महाग पडतात. त्यांतील एकवेळच्या इवल्या कुप्यांचे तोंड पिळून मोडावे लागते, आणि काचबिंदूचे रोगी बहुतेक वयस्क. ज्यांची बोटे संधिवाताने आखडली आहेत, त्यांना ती कुपी उघडून द्यावयास घरात कोणीतरी लागते.