कॅमेऱ्याने लिहिलेली बखर : वॉरिकशायरची छायाचित्रनोंद

११ जानेवारी १८७९ रोजी बर्मिंगहॅमच्या सार्वजनिक ग्रंथालयाला आग लागली. संदर्भ विभागातील हजारो ग्रंथांपैकी थोडेच हाती लागले. शेक्सपिअरविषयीचा नामांकित संग्रह गेला आणि त्याच्याबरोबर स्टाँटन संग्रहही गेला. वॉरिकशायर या काउंटीच्या, म्हणजे ढोबळमानाने आपल्याकडच्या जिल्ह्याच्या, इतिहासाची हस्तलिखिते, सनदा आणि जुनी चित्रे त्या संग्रहात होती. अनेक पिढ्यांनी जमवलेले एका जिल्ह्याचे दप्तर एका दिवसात राख झाले. त्यानंतर दहा वर्षांनी याच शहरात आपल्या जिल्ह्याची पद्धतशीर छायाचित्रनोंद करण्याची कल्पना मांडली गेली. हा निव्वळ योगायोग मानायला माझे मन तयार होत नाही.

ती कल्पना विल्यम जेरोम हॅरिसन यांची. हॅरिसन हे काही इतिहासाचे प्राध्यापक नव्हते. पिंड भूगर्भशास्त्रज्ञाचा, आधी लेस्टरच्या संग्रहालयात काम केलेले आणि पुढे बर्मिंगहॅमच्या शाळांमधून विज्ञान शिकवणारे हे गृहस्थ. १८८७ साली त्यांनी छायाचित्रणकलेचा इतिहास लिहिला होता. १८८९च्या अखेरीस बर्मिंगहॅम फोटोग्राफिक सोसायटीपुढे त्यांनी वॉरिकशायरच्या छायाचित्र-सर्वेक्षणाचा प्रस्ताव मांडला. ‘सर्वेक्षण’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. खडकांचे थर नोंदणारा माणूस आवडेल तेवढाच दगड उचलत नाही, तो सगळा प्रदेश पायाखाली घालतो. हॅरिसन यांनी हीच शिस्त छायाचित्रणाला लावायची ठरवली. मैलाला सहा इंच या प्रमाणाचा सरकारी नकाशा घ्यायचा, त्याचे चौकोन पाडायचे आणि एकेक चौकोन वाटून द्यायचा. ज्याच्या वाट्याला जो चौकोन येईल, त्याने तिथले चर्च, वाडे, पूल, झोपड्या, रस्ते टिपायचे.

हे नेमके याच सुमारास शक्य झाले, त्याला तांत्रिक कारण होते. पूर्वीच्या ओल्या काचेच्या पद्धतीत छायाचित्रकाराला रसायने आणि अंधारखोली बरोबर वागवावी लागे. काच जागेवर तयार करायची, ओली असतानाच वापरायची आणि लगेच धुवायची. १८८०च्या दशकात जिलेटिनच्या तयार कोरड्या काचा बाजारात सहज मिळू लागल्या. मग सुट्टीच्या दिवशी पेटी आणि तिपाई घेऊन खेड्यात जाणारा हौशी छायाचित्रकार निर्माण झाला. या हौशी मंडळींच्या हौसेला हॅरिसन यांनी काम दिले.

कामाबरोबर नियमही आले. चांदीच्या क्षारांवर काढलेल्या त्या काळच्या प्रती पिवळ्या पडत, विटत. म्हणून नोंदीसाठी प्रत प्लॅटिनम किंवा कार्बन पद्धतीची, टिकाऊच हवी. चित्रात हातचलाखी नको. आणि प्रत्येक प्रतीबरोबर स्थळ, तारीख, छायाचित्रकाराचे नाव हवे. प्रती कोणाच्या कपाटात न ठेवता सार्वजनिक ग्रंथालयात जमा करायच्या. माझ्या मते या उपक्रमाचे खरे मोल इथे आहे. सुंदर छायाचित्रे त्याआधीही निघत होती. पण चिठ्ठी नसलेले छायाचित्र म्हणजे शिक्का-मिती नसलेला कागद. त्याच्यावरून तर्क करता येतो, निवाडा करता येत नाही.

या चळवळीला बळ दिले सर बेंजामिन स्टोन यांनी. ते काचेचे कारखानदार, १८९५ पासून पार्लमेंटचे सभासद आणि कॅमेऱ्याचे विलक्षण वेडे. १८९७ साली त्यांनी हीच कल्पना देशभर नेण्यासाठी नॅशनल फोटोग्राफिक रेकॉर्ड असोसिएशन स्थापली. प्रती ब्रिटिश म्युझियमकडे जात. स्टॅफर्डशायरमधील अ‍ॅबट्स ब्रॉमली गावचा, रेनडिअरची शिंगे घेऊन करायचा नाच त्यांनी टिपला, तसे इतर गावांचे सणवारही. १९१० मध्ये संस्था गुंडाळली गेली. स्टोन १९१४ साली वारले. त्यांचा प्रचंड संग्रह बर्मिंगहॅमच्या ग्रंथालयात आहे.

आता दुसरी बाजू. वॉरिकशायरच्या नोंदीत चर्च, किल्ले, लाकडी चौकटीची जुनी घरे यांचेच प्राबल्य आहे. बर्मिंगहॅम तेव्हा याच काउंटीत होते. कारखान्यांनी गजबजलेले, धुराने काळवंडलेले. कॉव्हेंट्रीत सायकलींचा धंदा भरभराटीला येत होता. पण सुट्टीच्या दिवशी बाहेर पडणाऱ्या मध्यमवर्गीय माणसाला भट्टीपुढे उभा असलेला मजूर ‘इतिहास’ वाटत नव्हता. इतिहास म्हणजे जे जुने आणि जे जाणार ते. ही समजूत पुढे सरे काउंटीच्या मंडळींनी सैल केली. क्रॉयडनला १९०२ साली सुरू झालेल्या त्यांच्या सर्वेक्षणाने वास्तूंबरोबर निसर्ग, भूगर्भ आणि चालू घडामोडीही आपल्या कक्षेत घेतल्या. त्यातील गोवर, जास्ट आणि टॉपली या तिघांनी १९१६ साली ‘द कॅमेरा अ‍ॅज हिस्टोरियन’ हे पुस्तकच लिहिले. जास्ट हे ग्रंथपाल, त्यामुळे छायाचित्र काढावे कसे याइतकाच ते लावून ठेवावे कसे, सापडावे कसे, याचा विचार त्यात आहे.

मराठी वाचकाला यात एक धागा ओळखीचा वाटेल. वॉरिकशायरच्या पस्तीस वर्षे आधी, १८५५ साली, मुंबई इलाख्यात सरकारने थॉमस बिग्ज या लष्करी अधिकाऱ्याला प्राचीन वास्तूंची छायाचित्रे घेण्याच्या कामी नेमले होते. विजापूर, बदामी, ऐहोळे येथील त्यांची चित्रे आजही अभ्यासकांना उपयोगी पडतात. मात्र फरक मोठा आहे. इथे राज्यकर्ता प्रजेच्या वास्तू नोंदत होता. तिथे माणसे आपल्याच वेशीतले, आपल्याच खर्चाने नोंदत होती. काय टिपायचे आणि काय वगळायचे, हे दोन्हीकडे कॅमेरा धरणाऱ्यानेच ठरवले.

आणि तरीही काच डोळ्यापेक्षा उदार असते. छायाचित्रकाराला हवी असते कमान. काच तिच्याखाली थबकलेली पोरे, भिंतीवरची जाहिरात, रस्त्यातला चिखल, दुकानाची पाटी हेही उचलते. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री बाँबवर्षावात कॉव्हेंट्रीचे सेंट मायकेल कथीड्रल जळाले आणि शहराचा जुना मध्यभाग उद्ध्वस्त झाला. त्यानंतर जुनी छायाचित्रे ही केवळ आठवण उरली नाही. काय कुठे उभे होते याचा तो पुरावा झाला.

मी विद्यापीठात इतिहास शिकलेलो नाही. जे शिकलो ते रद्दीतून, दप्तरांतून आणि दुसऱ्यांच्या फोटो-अल्बममधून. म्हणून हॅरिसन मला जवळचे वाटतात. त्यांनी हौशी माणसाला इतिहासकार म्हटले नाही. त्याला एक चौकोन दिला आणि नियम सांगितले. आपल्या गावोगावच्या ट्रंकांमध्ये लग्नाचे, जत्रेचे, शाळेच्या पटांगणातले कितीतरी फोटो आहेत. त्यातल्या चेहऱ्यांची नावे सांगू शकणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. या दिवाळीत घरातली वडीलधारी मंडळी एकत्र असतील. पेन्सिल घेऊन फोटोच्या मागे गाव, साल आणि नावे लिहून घ्यावीत. त्या कामाला अनुदान लागत नाही, आणि पुढच्या वर्षावर ते ढकलण्याजोगेही नाही.