मुळा आणि मुठा : नाव आणि अर्थ

धायरीहून नदी तशी जवळच. खडकवासल्याच्या धरणातून निघून ती शहराकडे जाते. नाव मुठा. अर्थ विचारला की आपण हाताची मूठ दाखवतो. मुळा म्हटलं की 'मूळ' आठवतं. कानाला जसं ऐकू येतं तसा अर्थ लावायचा, ही माणसाची जुनी सवय. म्हणून आज आपण दोन प्रश्न वेगळे ठेवू. नाव आलं कुठून, आणि आपण त्याला अर्थ कोणता दिला?

दुसऱ्या प्रश्नाचं एक उत्तर भीमामाहात्म्यात मिळतं. गजानक राजाचं तप मोडायला इंद्राने दोन अप्सरा पाठवल्या; राजाच्या शापाने त्या नद्या झाल्या आणि भीमेला मिळाल्यावर सुटल्या. ही काही व्युत्पत्ती नव्हे. दोन नद्या एक होऊन भीमेला का मिळतात, हे ती कथा आपल्या परीने सांगते.

पहिल्या प्रश्नाला पुरावा लागतो. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा शके 690चा, म्हणजे इ.स. 768चा तळेगाव ताम्रपट घ्या. त्यात थेऊरचं नाव 'थिउर' असं येतं आणि नदीचं 'मुइला'. थेऊर संगमाच्या खाली. तिथे आज आपण मुळा-मुठा म्हणतो. म्हणजे मुळेचं नाव साडेबाराशे वर्षं टिकलं. आणि मधली ती 'इ' 'मूळ' शब्दात बसत नाही! सोपा अर्थ तिथेच अडतो.

जुनं रूप किती मोलाचं असतं पाहा. स्कॉटलंडमध्ये 'डी' नावाची नदी आहे. नुसत्या 'डी'वरून काय कळणार? पण दुसऱ्या शतकात टॉलेमीने 'देवा' असं रूप नोंदवलं, आणि जुन्या केल्टिक भाषेतली देवी तिथे सापडली. आपल्या 'देवी'चीच ती दूरची नातलग.

मुठेचा माग मावळात लागतो. मुळशी तालुक्यात मुठा नावाचं गाव आहे, आणि बारा मावळांत मुठेखोरं मोजलं जाई. नदी, गाव, खोरं, तिघांना एकच नाव. माणूस कुठला, हे पाण्यावरून सांगितलं जाई.

आणि आज? 12 जुलै 1961चा पूर आला मुठेला, पण आपण म्हणतो 'पानशेतचा पूर'. नळाला येतं ते 'खडकवासल्याचं पाणी'. शहरात उरलं ते 'नदीपात्र'. धरणांची नावं तोंडी आली, नदीचं मागे पडलं. नावाचा अर्थ हरवला तरी नाव टिकतं, हे ताम्रपटाने दाखवलं. ते उच्चारायचंच थांबलं, तर मात्र टिकत नाही. तेवढं तरी आपल्या हातात आहे.