दुधाच्या दाढेवरची कॅप : समाधान कुणाचे?

कोपरीतल्या, म्हणजे आपल्या ठाणे पूर्वेतल्या, दातांच्या दवाखान्यात बाकावर बसलेले पालक एकमेकांना सांगत असतात, "दुधाचेच दात, पडणारच आहेत." पडतात खरे, पण कधी? समोरचे सहाव्या-सातव्या वर्षी. मागच्या दाढा मात्र दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात. चार वर्षांच्या मुलीची मागची दाढ किडली, तर पुढची सहा-सात वर्षे तिला त्याच दाढेने पोळी चावायची आहे आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताची जागाही राखायची आहे. म्हणून अशा दाढेवर कॅप बसवतात. ती बसवून घेणारे मूल आणि त्याचे आईवडील समाधानी असतात का, हा प्रश्न विचारणारे अभ्यास होतात.

या विषयातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा पुरावा स्कॉटलंडचा आहे. नोर्ना हॉल या दंतवैद्य इंजेक्शन न देता, दात न कोरता, किडलेल्या दाढेवर स्टीलची तयार कॅप सिमेंटने चिकटवत. निकोला इन्स आणि सहकाऱ्यांनी १३२ मुलांवर ही पद्धत तपासली : प्रत्येक मुलाच्या एका दाढेला कॅप, दुसरीवर नेहमीचे उपचार. निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. ७७ टक्के मुलांनी आणि ८३ टक्के पालकांनी कॅपलाच पसंती दिली. आणि कॅप होती चकचकीत स्टीलची! (रात्री ठणकणाऱ्या किंवा हिरडीला पू आलेल्या दाढेला मात्र ही पद्धत चालत नाही.)

आपल्याकडे पालकांची पहिली शंका रंगाची असते : "चांदीची नको, शाळेत चिडवतील." ही काळजी खरी आहे, तिला फुटकळ मानू नये. झिर्कोनियाची पांढरी कॅप त्यासाठीच आली. पण ती स्टीलसारखी दाबून, वळवून बसवता येत नाही; दातच जास्त घासावा लागतो. मूल खुर्चीवर जास्त वेळ बसते, खर्चही वाढतो. मुंबईत तयार होणारी बायोफ्लेक्स ही दातांच्या रंगाची लवचिक कॅप या दोन्हींमधला मार्ग शोधते.

म्हणजे आई पाहते रंग, मुलाला आठवते सुई. दोघांचे समाधान एकाच रकान्यात लिहिणे मला चूक वाटते. अशा अभ्यासांत अनेकदा लहान मुलाच्या वतीने पालकच उत्तर देतात, तेही उपचार करणाऱ्या डॉक्टरांसमोर, कॅप बसल्या बसल्या. तिथे नाराजी कोण बोलून दाखवणार? जे परत आलेच नाहीत, त्यांना तर कुणी विचारतही नाही.

सीएसएमटीजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात किंवा मुंबई सेंट्रलच्या नायर दंत महाविद्यालयात शिकणाऱ्या तरुण मित्रांना म्हणूनच विनंती आहे : वर्षभराने पुन्हा विचारा, घरी फोन करून विचारा, आणि प्रश्न आधी मुलाला विचारा. त्याला आकडे कळत नसतील, तर हसऱ्या-रडव्या चेहऱ्यांची चित्रे दाखवा आणि त्याला बोट ठेवू द्या.