दोषासकट आवाज

कमोडोर ६४ हा घरगुती संगणक १९८२ साली अमेरिकेत आला. त्याची आवाजाची चिप, सिड ६५८१, बॉब यॅनिस यांनी घडवलेली. तीन स्वर नि एक फिल्टर, एवढाच तिचा संसार. आवाज कमी-जास्त करताना ती ‘टक्’ करी. हा खरं तर दोष. पण संगीतकारांनी त्या टकटकीतूनच ढोल वाजवले, माणसाला बोलतं केलं! पुढच्या सुधारित ८५८० चिपमध्ये दोष जवळपास गेला, आणि ढोलही क्षीण झाले.

१९९४ मध्ये कंपनी बुडाली. हौशी मंडळी आता पर्यायी चिप घरीच जुळवतात. ती मुकी राहिली, तर आधी डाख आणि ५ व्होल्टचा पुरवठा तपासायचा. सूर लागले, पण ढोल नाहीत? मग बहुधा जुळणी बिघडलेली नसते. प्रोग्रॅममध्ये तो जुना दोष घालायचा राहिलेला असतो.