सागवान ते सँडविच : जोडांची गोष्ट

मुंबईत फोर्टच्या काठावरील गोदीत १८१७ साली 'त्रिंकोमाली' ही युद्धनौका पाण्यात उतरली. जमशेटजी बोमनजी वाडियांनी बांधलेली ही सागवानी नौका इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. सागवानाची फळी आरपार भरीव असते. तिच्यात कोठेही बोल्ट बसवला, तरी त्याला संपूर्ण जाडीभर लाकडाचा आधार मिळतो.

त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी, १ नोव्हेंबर २०१२ रोजी, नौदलाचे अभिलाष टॉमी 'म्हादेई' ही शिडाची नौका घेऊन मुंबईहून एकटेच निघाले. कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून ३१ मार्च २०१३ रोजी ते मुंबईस परतले. त्यापूर्वी दिलीप दोंदे याच नौकेतून एकट्याने जग फिरून आले होते. गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेल्या या नौकेची काया सँडविचसारखी आहे : दोन्ही बाजूंना काचतंतूंचे कवच, मध्ये लाकडाचा गाभा. अनेक नौकांत या गाभ्यासाठी लाकडाऐवजी त्याहून हलका फोम वापरतात.

अशी रचना का करतात? वाकताना एका कवचावर ताण येतो, दुसऱ्यावर दाब. गाभ्याचे काम त्यांना एकमेकांपासून दूर धरून ठेवण्याचे. कवचांतील अंतर दुप्पट केले, की ताठपणा सुमारे चौपट होतो. वजन मात्र थोडेच वाढते.

पण यात बोल्ट बसवायचा झाला तर? वर्गात करून पाहू या. खोक्यातून आलेल्या थर्माकोलच्या तुकड्याला दोन्ही बाजूंनी पुठ्ठा पांढऱ्या गोंदाने चिकटवा. वाळल्यावर भोक पाडून नट-बोल्ट आवळा. पुठ्ठा आत दबतो, थर्माकोल चिरडतो. बोल्ट आडवा ओढला, तर भोक लांबट होते. कारण भार फक्त दोन पातळ पुठ्ठ्यांनीच पेललेला असतो. आता दुसऱ्या तुकड्यात भोकाच्या जागचा थर्माकोल काढून तेवढ्याच जाडीचा लाकडी ठोकळा चिकटवा आणि मग पुठ्ठे लावा. हा जोड घट्ट राहतो.

हीच युक्ती १९४० साली प्रथम उडालेल्या ब्रिटिश 'मॉस्किटो' विमानात होती. त्याच्या धडात प्लायवूडच्या दोन थरांमध्ये हलके बाल्सा लाकूड होते. पण जेथे जोडांचा भार येई, तेथे बाल्साऐवजी कठीण स्प्रूस लाकूड घालत. नौका बांधतानाही बोल्टच्या जागचा मऊ गाभा काढून भरीव भाग बसवतात, भोकाच्या कडा रेझिनने बंद करतात आणि भार पसरावा म्हणून रुंद वॉशर लावतात. कड उघडी राहिली, तर पाणी गाभ्यात झिरपते, लाकूड कुजते आणि कवच सुटू लागते.

डोलकाठीला उभी धरणाऱ्या तारा शेवटी अशाच काही जोडांवर तोललेल्या असतात. भर समुद्रात एकट्या खलाशाचा जीव त्यांच्यावर असतो. सागवानाने वाडियांच्या सुतारांना भोकाभोवतीचा भरीवपणा आयताच दिला होता. हलकेपणासाठी आपण तो काढून घेतला. म्हणून जेथे भोक पाडायचे, तेथे तो आठवणीने परत ठेवावा लागतो.