अंधुक उजेडाचें छायाचित्रण

मंद उजेडांत लहान कॅमेऱ्यानें घेतलेल्या चित्रावर रवा सांडल्यासारखे ठिपके दिसतात. हें प्रकाशाचें दारिद्र्य होय. तो कणाकणानें येतो, आणि कण थोडे असले म्हणजे त्यांतील चढउतार उठून दिसतो. म्हणून अधिक प्रकाश गोळा करणें हाच मूळ उपाय.

१९२४ सालीं ड्रेस्डेनच्या एर्नेमान कारखान्यानें रुंद भिंगाचा लहानसा एर्मानॉक्स कॅमेरा काढला. १९२८ सालीं एरिक सालोमोन यांनीं तो लपवून नेऊन बर्लिनच्या न्यायालयांत, मॅग्नेशियमचा भडका न उडवितां, चित्रें टिपलीं. १९४४ सालीं आउश्वित्स येथें नाझींनीं त्यांचा बळी घेतला. चित्रें मात्र राहिलीं.

आजचे कॅमेरे तेंच काम गणितानेंही साधतात: स्थिर देखाव्याच्या १६ चित्रांची सरासरी काढली कीं रवा चतुर्थांशावर येतो. आपणही कॅमेरा तिवईवर ठेवून प्रकाशाला अवधि द्यावा.