उसनी तरतरी

ठाण्याहून नाशिकच्या हमरस्त्याला लागलें कीं भिवंडीच्या वाटेवर मानकोलीचा नाका येतो. एके काळीं खाडीकांठच्या भातशेतीचा हा मुलूख. आज तेथें गोदामांच्या रांगा आणि मालमोटारींच्या रांगा. रात्रीं दोनच्या सुमारास टपरीवर चहा घेणारा चालक हौसेनें चहा पीत नसतो. पहाटेपर्यंत त्याला जागें राहावयाचें असतें. श्रोतेहो, या विकत घेतलेल्या जागेपणाचा इतिहास मी आज थोडक्यांत सांगणार आहें.

चहा सर्वांच्या ओळखीचा, म्हणून आधीं त्याचें पाहूं. दिवसभराच्या श्रमानें मेंदूंत अॅडेनोसीन नांवाचें द्रव्य सांचतें आणि ‘आतां पुरे’ असा निरोप देतें. चहांतील कॅफीन तो निरोप पोंचूं देत नाहीं, इतकेंच. थकवा जागच्या जागींच असतो; तो ऐकूं येईनासा होतो.

दुसऱ्या जातीचीं उत्तेजकें मात्र निरोप्याला अडवून थांबत नाहींत, तीं कोठारच फोडतात. त्यांची कथा एका काटकुळ्या झुडुपापासून सुरू होते. इफेड्रा हें त्याचें नांव. हिमालयाच्या कोरड्या उतारांवरहि तें उगवतें, आणि चीनमधील वैद्य दम्यावर तें शतकानुशतकें देत आले. १८८५ सालीं नागाई नागायोशी या जपानी रसायनशास्त्रज्ञानें त्यांतून इफेड्रीन वेगळें काढलें. १८८७ मध्यें बर्लिन येथें एडेलेआनू या रुमानियन संशोधकानें अॅम्फेटामीन तयार केलें, आणि १८९३ मध्यें नागाईनेंच इफेड्रीनपासून मेथॅम्फेटामीन बनविलें. हीं दोन्ही द्रव्यें पुढें कित्येक वर्षें जवळजवळ अडगळींत पडून होतीं. रोग आधीं आणि औषध मागून, हा आपला समज. येथें औषध आधीं जन्मलें आणि गिऱ्हाइकाचा शोध मागून लागला!

गिऱ्हाईक मिळालें तें युद्धांत. १९३८ सालीं जर्मनींत मेथॅम्फेटामीनच्या गोळ्या ‘पर्व्हिटिन’ या नांवानें विक्रीस आल्या, आणि १९४० च्या एप्रिल ते जुलै या अवधींत जर्मन सैन्याकडे अशा सुमारें साडेतीन कोटी गोळ्या रवाना झाल्या. शिपाई झोपेवांचून चालत राहिले खरे. परंतु मागाहून ते असे कोसळत कीं १९४१ मध्यें तेथील सरकारला या गोळ्यांवर कडक निर्बंध घालावे लागले. जपाननें तर युद्ध संपल्यावर हें व्यसन घरोघर पाहिलें आणि १९५१ मध्यें स्वतंत्र कायदा केला.

शरीरांत घडतें तें असें. मज्जातंतूंच्या टोकांशीं नॉरअॅड्रेनलीन आणि डोपामीन हीं द्रव्यें जपून सांठविलेलीं असतात. संकटकाळीं अथवा आनंदाच्या क्षणीं शरीर तीं थोडथोडीं खर्चतें. हीं औषधें तो सांठा एकदम बाहेर ओततात. नाडी धांवूं लागते, रक्तदाब चढतो, भूक मरते, झोंप उडते, अंग तापतें. माणसाला वाटतें, आपल्याला नवें बळ आलें. वस्तुतः तें त्याच्याच उद्यांच्या शिधोरींतलें असतें. पुढें सांठा रिता झाला म्हणजे सुन्नपणा आणि खिन्नता. वारंवार घेणाऱ्यास संशय, भास, छातींत कळ, क्वचित् पक्षाघात. वैद्याच्या हातीं मोजक्या मात्रेंत यांना आजहि स्थान आहे, हें सांगितलें पाहिजे.

आतां आपल्या भागाकडे येतों. मेफेड्रोन, ज्याला आपल्याकडील तरुण ‘एम. डी.’ म्हणतात, त्याची कृति १९२९ मध्यें प्रसिद्ध झाली आणि विस्मृतींत गेली. एकविसाव्या शतकाच्या आरंभीं कोणीतरी ती पुन्हां उकरून काढली. येमेन-इथिओपियाकडे लोक खात नांवाचीं पानें चघळतात. त्यांतील कॅथिनोन हें याचें मूळ. याचा अंमल दोन-चार तासांतच ओसरतो, आणि तेंच त्याचें दुष्ट वैशिष्ट्य. कारण उतरतां क्षणींच हात पुन्हां पुडीकडे जातो. फेब्रुवारी २०१५ मध्यें केंद्र सरकारनें तें १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्याखालीं आणलें. तरीहि २०२४ च्या फेब्रुवारींत पुणें जिल्ह्यांतील कुरकुंभ येथें, आणि त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें भिवंडींत एका सदनिकेंत, त्याचे प्रचंड सांठे सांपडले. भिवंडीचा सांठा द्रवरूप होता आणि वजनानें जवळजवळ ८०० किलो! तो गुजरातच्या पोलीस पथकानें पकडला. सदनिकेंत, म्हणजे शेजारीं कोणाची तरी भाकरी भाजली जात असतांना.

अशा घरांतील मुलगा कधीं कधीं दोन-दोन दिवस झोंपून राहतो, आणि आईला वाटतें, सुटला एकदांचा. तो सुटलेला नसतो. सांठा भरून येण्यास आठवडे लागतात, आणि खिन्नता खरी त्याच काळांत गांठते. पोलिसांच्या भीतीनें कुटुंबें हें झांकून ठेवितात. वास्तविक त्याच कायद्यांत ६४-अ हें कलम आहे. स्वतः सेवन केल्याचा किंवा अल्प प्रमाणांत पदार्थ बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी माणूस सरकारमान्य रुग्णालयांत आपणहून उपचारास गेला, तर त्या आरोपाच्या खटल्यापासून त्यास मोकळीक मिळूं शकते. उपचार मात्र त्यानें पुरे केले पाहिजेत.